पेटीतली हवा

जेवणाच्या टेबलावर घट्ट झाकणाचा काचेचा डबा होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी कालपासून घरात ताकीद होती. डब्यात बाटलीच्या टोपणात कालवलेलं ओलं मीठ आणि त्याच्या शेजारी काडेपेटीएवढं एक यंत्र. हवेतला दमटपणा आकड्यात दाखवणारं. नवऱ्याने ते सिगारच्या पेटीत ठेवायला आणलं होतं.

बायको ओट्यापाशी उभी राहून डब्याकडे बघत होती. सिगारचं तिला सोयरसुतक नव्हतं. पण आज त्या आकड्यावर तिचा जीव टांगलेला होता.

सिगारची ती लाकडी पेटी सासूच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात असायची. खोली मागच्या अंगाची, उन्हाची तिरीपही न येणारी, म्हणजे सिगारला बरी. आणि सिगारला बरी ती आईला बरी, असा सरळ हिशोब. पेटीतली हवा सत्तर टक्क्यांच्या आसपास दमट हवी. त्याहून कोरडी झाली की सिगार कुरकुरीत होतात, दमट झाली की बुरशी धरतात. आधी नवऱ्याने पितळी कडेचं, तबकडीचं यंत्र आणलं. त्याचा काटा जो ऐंशीवर जाऊन बसला, तो हलेचना. तबकड्या दिसायला छान, पण थापाड्या, असं दुकानदार म्हणाला, म्हणून मग हे आकड्यांचं. त्यानेही ऐंशीच दाखवले. हवा दमट राहावी म्हणून पेटीत ठेवलेला ओला स्पंज काढून झाला, तरी ऐंशी. हेही फसवंच निघालं, असं म्हणून नवरा चरफडत बसला.

तेव्हा बायको हळूच बोलून गेली होती, की यंत्र खरं असेल, खोलीच दमट असेल. झालं! पुन्हा तेच सुरू झालं. आईंचा खोकला हटत नाही, गादी सकाळी गार लागते, डॉक्टरांनीही कोरड्या, उजेडाच्या खोलीत हलवा म्हणून बजावलंय, हे ती कधीची त्याच्या कानीकपाळी ओरडत होती. पुढची उन्हाची खोली याच्या आरामखुर्चीने आणि पुस्तकांनी अडवलेली. नवरा दर वेळी सासूच्या खोलीत जाऊन भिंतीवरून तळवा फिरवायचा आणि कोरडा हात दोघींच्या तोंडासमोर धरायचा. कुठाय ओल? तुम्हा दोघींच्या मनाचे खेळ. मोजून दाखवा, मग बोला. आता मोजून झालं, तर मोजणारं यंत्रच खोटं. घ्या!

म्हणून ही मिठाची परीक्षा. बंद डब्यात ओल्या मिठाशेजारी यंत्र रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठाजवळची बंद हवा नेहमी पंच्याहत्तर टक्केच दमट राहते, म्हणजे यंत्र खरं असेल तर त्याने पंच्याहत्तर दाखवलेच पाहिजेत.

नवरा अंघोळ करून आला. चष्मा लावून डब्यावर वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"पंच्याहत्तर," त्याच्या खांद्यावरून बघत बायको म्हणाली.

"हं." तो खुर्चीत टेकला. "म्हणजे खोलीतच ओल आहे. तू म्हणत होतीस ते खरं होतं."

तिला रडूच आलं. मग संताप आला. इतकी वर्षं तिच्या शब्दाला किंमत नव्हती, आईंच्या खोकल्याला नव्हती, आणि चिमूटभर मिठाने एका रात्रीत याला पटवलं! पण तिने तो गिळला. आत्ता उणंदुणं काढलं तर हातातोंडाशी आलेलं जायचं. काम होतंय ना, बस.

पुढच्या खोलीत जागा कर, नवरा सांगत होता. आतल्या भिंतीला, थेट ऊन लागणार नाही अशी. आधीच उशीर झालाय, आजच हलवू या. बायकोने पदर खोचला. आरामखुर्ची कोपऱ्यात ढकलली, पुस्तकं खाली रचली, फरशी पुसून घेतली. खाट कशी बसेल ते हातांनी मापून पाहिलं. मग तशीच ओल्या हातांनी सासूच्या दारात गेली आणि म्हणाली, "आई, उठा. पुढच्या खोलीत जायचंय आपल्याला."

सासूला खरं वाटेना. तो म्हणाला का, असं तिने दोनदा विचारलं. त्यांनीच सांगितलं, आजच, असं ऐकल्यावर ती खोकत खोकत उठून बसली. पांघरुणाची घडी घालायला लागली. सून घालते म्हणाली तर ऐकेना. औषधांच्या बाटल्या पिशवीत भरल्या, जपाची माळ कनवटीला लावली. त्याला माझी काळजी असते गं, पहिल्यापासून बोलून दाखवायची सवय नाही, असं काहीबाही पुटपुटत तिने डोळे टिपले. सुनेनेही मान डोलावली. आज तिला सगळं कबूल होतं.

तेवढ्यात नवरा आत आला. कपाट उघडून त्याने पेटी बाहेर काढली आणि जराही कलू न देता दोन्ही तळव्यांवर घेतली. सासू काखेत उशी धरून उभी राहिली आणि त्याला वाट करून द्यायला भिंतीशी सरकली.

"तू पेटी ने बाबा, जड असेल," ती म्हणाली. "उशी मी आणते."

तो उंबऱ्यात थांबला. त्याने उशीकडे बघितलं, रिकाम्या खाटेकडे बघितलं. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं.

"आई," त्याने विचारलं, "तू कुठे निघालीस?"