वन्संचा नवस

शुभदावन्संनी उशीवरचे केस चिमटीनं उचलले आणि काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात ठेवले. मग चादरीवरचे. मग वाकून पलंगाखालचेसुद्धा.

"हे कशाला, वन्सं?" आसावरीनं विचारलं.

"टाकून कसे चालतील? देवाचे आहेत."

देवाचे! महिन्यापूर्वी आसावरीच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, त्याच संध्याकाळी या नणंदबाईंनी जयनगरच्या आपल्या घरी देवापुढे बसून नवस बोलून टाकला होता. आसावरी बरी झाली की तिचे सगळे केस तिरुपतीच्या बालाजीला. जिचे केस, तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आता पहिल्या केमोला सतरा दिवस झाले होते आणि केस देवाची वाट न बघता गळायला लागले होते. तेव्हा वन्संनी नवस आगाऊच फेडायचं ठरवलं होतं.

"बुधवारी निघू," त्या म्हणाल्या. "तुमच्या व्हाइटफील्डहून स्वल्प लवकर निघालं की दुपारी तिरुपती. मुंडण, दर्शन, शुक्रवारी परत."

"गुरुवारी माझा दुसरा डोस आहे."

"तो आठवडाभर पुढे गेला तर काय आकाश कोसळतंय? मल्हारनं हॉस्पिटलला फोनपण केलाय."

आसावरीनं दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मल्हार मोबाईलवर उगाच बोट फिरवत होता.

"म्हणजे, फक्त विचारलंय मी," तो म्हणाला. "डेट बदलायची तर सोमवारी कन्फर्म करायचंय. ताई इतकं म्हणतेय तर..."

डोस चुकवायचा नाही, गर्दीत जायचं नाही, ताप आला तर तडक इमर्जन्सीत यायचं. डॉक्टरबाईंनी हे दोनदा बजावलं होतं आणि मल्हारनं ते वहीत उतरवून घेतलं होतं. चांगल्या अक्षरात. आसावरीला असा राग आला की कानशिलं तापली. इतका राग तिला त्या गाठीचाही आला नव्हता. गाठ निदान सल्ले देत नव्हती.

ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली आणि मल्हारचा दाढीचा ट्रिमर उचलला.

दहा मिनिटांत काम झालं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण मानेवरचे उरलेसुरलेही तिनं आरशात बघून नीट काढले. बेसिनमधले केस तिनं कचऱ्याच्या पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली आणि बाहेर आली.

"अगंबाई!" वन्सं किंचाळल्या. "हे काय करून बसलीस! केस कुठायत?"

"कचऱ्यात."

"देवाचे केस कचऱ्यात? आता नवस कसा फिटायचा? न फेडलेला नवस देव सोडत नाही गं, वसूल करतो!"

"कुणाकडून?"

"म्हणजे?"

"कुणाकडून वसूल करतो, वन्सं? बोललं कोण होतं?"

आरडाओरडा ऐकून वन्संचे यजमान पुरुषोत्तमराव हॉलमधून पेपर घेऊन आले. सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं इंजिनिअरकी केलेला माणूस. एरवी हूं की चूं नाही, पण नियमाची गोष्ट निघाली की जागा व्हायचा.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "नवस बोलणाऱ्यानंच फेडायचा असतो. सरी," असा त्यांनी कानडीत 'ठरलं'चा शिक्का मारला.

वन्संचा हात आपसूक पाठीवर गेला. साठी जवळ आली तरी वेणी कमरेच्या खाली जायची, आणि तिच्यात रोजचा मोगरा. अख्खं जयनगर त्यांना त्या वेणीवरून ओळखायचं.

"माझे? माझे कशाला? मला काय झालंय?"

"काही नाही झालं. म्हणून तर," आसावरी म्हणाली. "देवाला चांगलंच द्यावं. गळकं कशाला?"

"बायकांनी एक बट दिली तरी चालतं म्हणे..."

"तुम्ही 'सगळे केस' असं बोलला होतात."

बोलता बोलता आसावरीची बोटं मोबाईलवर चालू होती. तिनं फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'आपल्या वन्सं माझ्यासाठी बुधवारी तिरुपतीला स्वतःचे सगळे केस देणार आहेत. गुरुवारी माझा डोस असल्यामुळे मी जाऊ शकत नाही. सगळ्यांनी त्यांचं कौतुक करा.'

घरातले बाकीचे तीन फोन एकदम वाजले. पहिलं उत्तर नागपूरहून सासूबाईंचं आलं : 'लेक असावी तर अशी.' मग काकू, मामा, अमेरिकेतला चुलतभाऊ. हात जोडलेले, फुलं वाहिलेली, कुणी तर मुंडणाचा फोटो टाकायलाही सांगितलं.

"डिलीट कर गं," वन्सं म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि वेणी त्यांनी पुढे घेऊन दोन्ही मुठींत धरली होती.

आपल्याला त्यांची कीव येईल, असं आसावरीला वाटलं होतं. ती थोडा वेळ थांबलीसुद्धा. कीव आली नाही.

मल्हार गॅलरीत जाऊन हॉस्पिटलशी बोलत होता. "नाही, नाही, गुरुवारच ठेवा. नऊला पोचतो आम्ही."

आसावरी स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसली. उघड्या डोक्याला पंख्याचा वारा छान लागत होता.

"मल्हार," तिनं हाक मारली, "फोन झाला की ताट वाढ. मला भूक लागलीय."