तीन आठवडे पहिला नंबर

"थ्री वीक्स, अब्बा? आर यू शुअर?" इनायाने पेन थांबवून विचारलं.

"तीन. लागोपाठ, असं लिही." नूरुद्दीनने बोटंही तीन दाखवली, न जाणो चुकली तर.

उद्या शाळेत प्रत्येकाने आपल्या घरातली अभिमानाची गोष्ट सांगायची होती. अल नहदाच्या त्या फ्लॅटमध्ये ती शोधावी लागत नव्हती. ब्याऐंशी साली नूरुद्दीनच्या बँडचं 'लास्ट बस टू देरा' हे रॉक गाणं दुबईच्या एका इंग्रजी रेडिओवर श्रोत्यांच्या पसंतीत पहिलं आलं होतं. ड्रम नूरुद्दीनचे. गेल्या वीस वर्षांत नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही ही गोष्ट ऐकल्याशिवाय दाराबाहेर पडला नव्हता.

समोर केरू चहा पीत बसला होता. गाण्याच्या त्या काळात नूरुद्दीन अल क्वोजच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये इलेक्ट्रिशियन होता आणि केरू तिथला स्टोअरकीपर. आता व्हिसा कॅन्सल करून तो कायमचा गावी निघाला होता, म्हणून निरोप घ्यायला आला होता.

"बट हाऊ डिड दे काउंट?"

"लोक कार्ड पाठवायचे, बेटा. ज्याला जास्त कार्डं, तो वर. आम्हाला तर ढिगाने आली. कोण कुठले लोक, ना ओळख ना पाळख!"

केरूला जोराचा ठसका लागला. त्याने कप खाली ठेवला.

"नूरू, आता जातोच आहे तर सांगून टाकतो. ती कार्डं कॅम्पातून जायची. मी लिहायचो. बेचाळीस माणसं, बेचाळीस कार्डं, दर शुक्रवारी."

इनायाचं पेन पुन्हा थांबलं. तिने हळूच विचारलं, "सो इट वॉजन्ट अ रिअल हिट?"

नूरुद्दीनला इतकी शरम वाटली की मुलीकडे बघवेना. "तुम्हाला कुणी सांगितला होता हा उद्योग, केरूदादा? इंग्रजीचा गंध तरी होता का कुणाला?"

"नव्हता. 'बस' आणि 'देरा', एवढंच कळायचं." केरूचा आवाज चढला. "पण आपल्या खोलीतला माणूस रेडिओवर वाजवतोय म्हटल्यावर लोक जेवण टाकून उठायचे. गणू सुतार तर ताट हातात घेऊन नाचायचा. एकही नाव खोटं नाही त्यात. ज्याचं कार्ड त्याची सही, नाहीतर अंगठा."

"मग मला कसं कळलं नाही?"

"शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी तू प्रॅक्टिसला असायचास. तीच माझी पत्रं लिहायची वेळ. अख्ख्या कॅम्पची घरची पत्रं मीच लिहायचो ना? हात एक, दुपार एक. मी सगळ्यांना विचारलं, पत्रं लिहू की कार्डं? म्हणाले, यल्ला, चल, कार्डं लिही."

"आणि पत्रं?"

"तीन शुक्रवार कुणाचंच गेलं नाही."

नूरुद्दीनने इनायाकडे पाहिलं. कॅम्पात शुक्रवारचं पत्र म्हणजे काय, हे त्याला मुलीला समजावून सांगता आलं नसतं. आईचं उत्तर आलं की तो स्वतः ते उशाखाली घेऊन झोपत असे. त्याने डोळे पुसले, आणि त्याची मान पुन्हा ताठ झाली. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"इनाया, हे सगळं लिही. बेचाळीस माणसांनी तीन आठवडे घरी पत्र पाठवलं नाही, तेव्हा तुझा बाप पहिला आला. असं हिट गाणं दुसऱ्या कुणाच्या घरात असेल तर दाखवा म्हणावं!"

इनाया लिहू लागली. मध्येच तिने केरूकडे पाहिलं. "अंकल, डिडन्ट युअर फॅमिली वरी?"

"फॅमिली?" केरू हसला. "तिसऱ्या आठवड्यात आमच्या नर्मदेची तार आली. जिवंत आहात का, म्हणून."

"मग तुम्ही काय कळवलंत?" नूरुद्दीनने विचारलं.

केरू सोफ्यावर सरळ होऊन बसला.

"कळवलं की, जिवंत आहे. पहिला नंबर आला."