डॅशबोर्डवरचं वाळवण

मंदीत अंशुमनची नोकरी गेली, तेव्हा इंग्लंडात, वॉटफर्डला बर्फ पडत होता. पुण्याहून आलेल्या त्याच्या आईला 'बर्फामुळे ऑफिस बंद आहे' असं सांगून नवराबायकोनं वेळ मारून नेली.

आज लख्ख ऊन होतं. देवयानी दुपारी कामावरून आली आणि दारातल्या गाडीपाशी थबकलीच. निम्म्या किमतीत आणलेला फ्लॉवर, गाजरं सासूबाईंनी चिरून, मीठ-हळद चोळून, लोणच्यासाठी डॅशबोर्डवर वाळत घातली होती. बंद काचांआड मस्त ऊब साठली होती.

"धन्य आहे तुमची, आई! गाडीत वाळवायचं कसं सुचलं?"

सासूबाईंनी आवाज खाली आणला. "अंशुमनला बोलू नकोस हं. बर्फ वितळून आठवडा झाला, तरी त्याचं ऑफिस काही उघडेना. म्हटलं, तोवर गाडी तरी कामाला लागू दे."