राजाचं शेवटचं वाक्य

शंभराव्या प्रयोगाला शोकांतिकेतल्या राजाने म्हाताऱ्या प्रॉम्प्टरच्या हातातली वहीच काढून घेतली. “मला कुणी आठवण करून द्यायची गरज नाही, काका. आज तुम्ही खुशाल बाहेर चहा घेत बसा!”

तीन अंक टाळ्यांत पार पडले. राज्य गेलं, मुलगे गेले, राजा गुडघ्यांवर आला. आता एक वाक्य, की पडदा.

“देवा, आज कळलं! माझा घात ना शत्रूने केला, ना नशिबाने. तो केला माझ्या... माझ्या...”

पुढचा शब्द काही केल्या आठवेना. विंगेत काकांचं स्टूल रिकामं. शंभर प्रयोगांची अब्रू एका शब्दावर अडली.

 

पहिल्या रांगेतून बायकोचा खणखणीत आवाज आला, “अहो, अहंकाराने! घरी रोज सांगते ना मी!”