लॉर्नाचा फसलेला साबण

साच्यातून काढता काढताच वडी फुटली आणि तिचा चुरा शोनागच्या एप्रनवर सांडला.

"पुन्हा भुगा," तिची सून लॉर्ना म्हणाली आणि ओशाळून हसली.

शोनागने एक तुकडा खिडकीशी नेला, चिमटीत चुरला, नाकाशी धरला. हल्ली तिचे हात थरथरत, जड पातेलं उचलवत नसे. पण साबणाचं दुखणं ओळखायला तिला नुसती बोटं पुरत. बेटाच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर कुणाचाही साबण बिघडला की बाया तुकडा घेऊन तिच्याच दारी येत.

"चरबी गार होती?"

"कोमट होती, आई. पातेल्याला हात लावून पाहिला."

"कॉस्टिक सोडा पाण्यात घातलास ना? पाणी कॉस्टिकवर नाही ओतलंस?"

"पाण्यातच घातला."

"मग ओटचं पीठ जाडं पडलं असेल."

"तुमच्याच चाळणीने चाळलंय."

"तर मग लापशीच्या काठीने ढवळलंस. लापशीतलं मीठ गेलं की साबण असाच भुसभुशीत होतो, फेसही धरत नाही. नव्या सुनांची ही हटकून चूक. माझीसुद्धा झाली होती."

"छे हो! ती काठी सकाळपासून धुवायची पडलीय," असं म्हणत लॉर्ना चुरा गोळा करायला खाली वाकली.

शोनागने दुसरा साचा उचलला. ओतलेला साबण दाटत आला की वर काठीच्या टोकाने एक वळसा काढायची त्यांच्याकडे रीत होती. वळसा सूर्याच्या चालीने, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखाच फिरायला हवा. लापशीही तशीच ढवळायची. उलटं ढवळलं तर सैतान जेवायला येतो, असं शोनागची आजी सांगे. लॉर्ना डावखुरी, तिचा वळसा नेमका उलटा पडे. साऱ्या गावात असा वळसा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"सैतानाला आवतण देऊन साबण करतेस, मग तो धड कसा होईल?" शोनाग म्हणाली.

"येऊ दे त्याला. लापशी भरपूर आहे," लॉर्ना म्हणाली.

शोनाग हसली, पण तिला घाई होती. घर दोन खोल्यांचं आणि लॉर्नाला दुसऱ्यांदा दिवस गेलेले. कुणावर भार होऊन राहायचं नाही, असं शोनागने आपणहूनच ठरवलं होतं. स्टॉर्नवे शहरातल्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खाट धरून ठेवली होती आणि तिथल्या बाई फोन करकरून विचारत होत्या, कधी येताय? अडलं होतं ते फक्त साबणापाशी. नातीला, छोट्या किर्स्टीला, दुकानातला कुठलाही साबण लावला की अंगभर लाल चट्टे उठत. पोर रात्र रात्र खाजवत बसे. आजीच्या ओटच्या साबणाने तेवढी निवे. तो साबण सुनेच्या हातून उतरला की शोनाग मोकळी होणार होती.

"आई, राहा ना गं," टॉर्किल, तिचा मुलगा, एकदा म्हणाला होता.

"चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. माझे झाले," असं म्हणून तिने त्याला गप्प केलं होतं. लॉर्ना तेव्हा नुसती भांडी घासत राहिली. शोनागला ते जरा लागलं होतं.

पण सून चिवट हे खरं. ग्लासगोसारख्या शहरात, आईविना, मावशीच्या घरी वाढलेली. साबण कितीदा बिघडला तरी ना चिडली, ना रडली. दर वेळी बाह्या सरसावून नव्याने चरबी वितळवायला घ्यायची. एवढी चिकाटी आपल्यात तरी होती का, असं शोनागला वाटे आणि सुनेचं मनापासून कौतुक वाटे.

शनिवारी सकाळी लापशी अळणी लागली. मिठाची बरणी रिकामी होती.

"टॉर्किल, पायरीवरचा बर्फ वितळवायला ओतलंस ना सगळं? मीठ काय समुद्रातून फुकट येतं?"

"मग कुठून येतं, आई? आणि मी बरणीला हातसुद्धा लावला नाही."

लॉर्ना किर्स्टीच्या चमच्यावर फुंकर घालत होती.

रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी गावात कुणी अंघोळीचं पाणीही तापवत नसे, म्हणून किर्स्टीला शनिवारी संध्याकाळीच न्हाऊ घालायचं. एरवी ते काम लॉर्नाचं, पण ती गोठ्यात अडकली होती. शोनागने मग आपणच बाह्या वर केल्या आणि कपाटातून नवी वडी काढली. तिचे हात चालत होते तेव्हाच्या वड्या होत्या त्या. संपल्याच असतील असं तिला किती दिवस वाटत होतं, पण लॉर्नाला दर शनिवारी एखादी सापडायचीच. आपण तरी केवढा साठा करून ठेवला, म्हणून शोनाग सुखावायची.

साबण सायीसारखा मऊ होता. फेस दाट, ओट अगदी बारीक, कुठे खडा नाही. किर्स्टी न खाजवता पाण्यात हात आपटत होती.

"बघ तुझ्या आजीचा हात," शोनाग तिला म्हणाली आणि वडी उलटून वरची बाजू पाहिली.

वळसा उलटा फिरला होता.

तिने अंगठ्याने तो सावकाश गिरवला. 

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. पोरीला टॉवेलात गुंडाळून, कडेवर घेऊन तिने तो उचलला. लॉर्ना गोठ्यातून आली होती आणि दारातच थबकली होती.

"नाही हो बाई, कसली येते मी! सुनेचा साबण अजून भुगाच होतोय. ती खाट देऊन टाका दुसऱ्या कुणाला."

फोन ठेवून तिने टॉर्किलला हाक मारली.

"सोमवारी दुकानात जाशील तेव्हा मीठ आण. मोठी पिशवी आण."