हातांमागचा आवाज

संगीत नाटकाची नायिका कर्णबधिर होती. ती हातांनी बोलायची आणि मागे उभी राहून गायिका तेच गायची. आज नायिकेचे वडील पहिल्यांदाच आले होते, थेट पहिल्या रांगेत. निरोपाच्या गाण्यात पोरीचे हात संहिता सोडून भलतंच बोलू लागले, "बाबा, वीस वर्षांत माझी भाषा शिकायला तुम्हाला सवड झाली नाही."

गायिकेने ते हात वाचले; पण ती संहितेला जागली आणि छापील ओळच गायली, "बाबा, तुमच्या सावलीत वाढले."

नाटक संपल्यावर वडील डोळे पुसत आत आले. "आज पोरीचं मन कळलं हो मला!"

"काय म्हणतायत?" पोरीच्या हातांनी विचारलं.

या वेळी मात्र गायिकेने वडिलांचा शब्दन् शब्द हातांनी पोरीला सांगितला. पोर बापाच्या गळ्यात पडली.