चाचणीचा पत्ता

"तीन आठवडे झाले, एक फोन नाही म्हणतात या बाई. समोर बसून रडतायत. यांचा फॉर्म आमच्याकडे आलेलाच नाही. तुमच्याकडे काही अडकलंय का हो?" समुपदेशन केंद्राच्या ताई फोनवर विचारत होत्या. ज्यांना मन मोकळं करायला कोणी नाही, त्यांनी केंद्राच्या साइटवर फॉर्म भरला की ताईंना मेल यायचा आणि त्या माणसाला केंद्रातून फोन जायचा. तो फॉर्म फोनवरच्या या वेबसाइटवाल्याने बनवला होता.

"बघतो, ताई. सर्व्हरची भानगड असेल," तो म्हणाला. सर्व्हरसारखा गरीब प्राणी नाही. काहीही खापर फोडा, उलटून बोलत नाही.

ऑफिस घरातच, पुढच्या खोलीत. बायको आत स्वयंपाकाचं बघत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने दार लोटलं. कोणाचं काम चाललंय हे तो तिला कधी सांगत नसे. खरं तर हल्ली काहीच सांगत नसे.

केंद्राची साइट जिथून चालायची, ते होस्टिंग खातं त्याने उघडलं. मुख्य पत्त्याखाली एक सबडोमेन दिसलं, त्याच साइटचा एक उपपत्ता: चाचणी. नवा फॉर्म तपासायला साइटची ही नक्कल त्यानेच केली होती. ताईंना उगाच मेल जाऊ नयेत म्हणून तिथून मेल जाणंही बंद ठेवलं होतं. काम झालं की असलं सबडोमेन काढून टाकायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने काढलं नव्हतं. वर कडी म्हणजे, खऱ्या साइटवरचं 'आमच्याशी बोला' हे बटण अजून या नकलेकडेच जात होतं. लोक लिहीत होते आणि ते कोणी वाचतच नव्हतं.

सबडोमेनच्या शेजारी 'काढून टाका' होतं. एक क्लिक, की निरोपांसकट सगळं साफ. सर्व्हर बदनाम, हा नामानिराळा. पंधरा वर्षांत कमावलेलं नाव शाबूत. त्याने माउस तिथवर नेला. मग ती समोर बसून रडणारी बाई डोळ्यांपुढे आली आणि त्याला स्वतःचीच शरम वाटली.

आधी त्याने बटण खऱ्या फॉर्मकडे वळवलं. मग नकलेत साठलेले निरोप मोजले आणि ताईंना फोन लावला.

"ताई, चूक सर्व्हरची नाही, माझी आहे. एकतीस निरोप माझ्याकडे पडून आहेत."

"नंबर पाठवा," ताई म्हणाल्या. "तुमचं नंतर बघू."

यादीत त्याने स्वतः टाकलेले खोटे निरोपही होते. नाव अबक, मजकूर 'हॅलो हॅलो', नंबर मनाला येईल तो. ते तेवढे वेगळे काढायचे होते. एकाने नोकरी गेल्याचं लिहिलं होतं. एकीने मुलगा गेल्याचं. ही माणसं खरी होती, हे सांगायला कोणी नको होतं.

चार निरोपांपाशी तो अडला. नाव नाही. चारही वेळा नंबर एकच. मजकूर एवढाच: 'हॅलो. कोणी आहे का?'

हे आपलंच, त्याला वाटलं. तपासून तपासून कंटाळलेला माणूस असलंच काहीतरी टाइप करतो. तो ते पुसणार, तेवढ्यात तारखा दिसल्या. चारही तारखा चाचणी संपल्यानंतरच्या होत्या. शेवटची कालची.

नंबर ओळखीचा वाटेना. अर्थात हल्ली नंबर पाठ कोणाला असतात? तो स्वतःचासुद्धा फोनमध्ये बघून सांगे. हा खरा आहे की मनचा, एवढं कळलं तरी पुरे होतं. रिंग गेली की ठेवून द्यायचं, पुढचं ताई बघतील. कामासाठी ठेवलेला जुना मोबाइल त्याने खणातून काढला. त्यात एकही नाव साठवलेलं नव्हतं. एकेक आकडा बघून त्याने नंबर लावला.

रिंग गेली. आत स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला, आणि पहिल्याच रिंगला तिने तो उचलला.